टोपीची पिन, मोज्याचा पट्टा आणि बंद पडलेलं इंजिन : बर्था बेंझ यांची गोष्ट

श्रीवर्धन : पावसाळा लागला की आपल्याकडे एक दृश्य ठरलेलं. म्हसळ्याच्या रस्त्याला घाटात कुणाची तरी गाडी बाजूला उभी, बॉनेट वर, आणि भोवती चार जण सल्ले देतायत. एक म्हणतो बॅटरी गेली, दुसरा म्हणतो टाकीत पाणी शिरलं, तिसरा तर इंजिनच बसलं म्हणून मोकळा होतो. गॅरेजवाल्याचा फोन लागत नाही, कारण त्या वळणावर रेंजच नाही.

गेल्या पावसात मी स्वतः असाच अडकलो होतो. स्कूटर बंद. किक मारून मारून पाय दुखायला लागला. दोन तासांनी एक मेकॅनिक आला, त्याने खाली वाकून प्लगची टोपी अंगठ्याने आत दाबली आणि पहिल्या किकला गाडी चालू. पैसेही घेतले नाहीत त्याने, नुसता हसला. त्या हसण्याचंच मला जास्त लागलं. एवढं साधं आपल्याला का कळू नये?

म्हणून आज एका बाईची गोष्ट. सव्वाशेहून जास्त वर्षं झाली. या बाई दोन मुलांना घेऊन मोटारगाडीने माहेरी निघाल्या. वाटेत गाडी एकदा नाही, पुन्हा पुन्हा अडली. गॅरेज नव्हतं. मेकॅनिक नव्हता. पेट्रोल पंप तर जगात कुठेच नव्हता. तरी त्या संध्याकाळी माहेरी पोचल्या. नाव बर्था बेंझ. हो, त्याच बेंझ. मर्सिडीज-बेंझ गाडीच्या नावातलं मागचं नाव या घराचं.

बर्थाचा जन्म 3 मे 1849 चा, जर्मनीतल्या फोर्झहाइम गावचा. वडील कार्ल रिंगर हे सुतारकामातून वर आलेले, बांधकामाच्या धंद्यात चांगला पैसा कमावलेले गृहस्थ. घर पोराबाळांनी भरलेलं. असं सांगतात की, तिच्या जन्माची नोंद घरच्या धर्मग्रंथात करताना वडिलांनी पुन्हा मुलगीच झाल्याबद्दल हळहळ लिहून ठेवली होती, आणि थोडी मोठी झाल्यावर ती नोंद तिच्या नजरेला पडली. आपल्याकडे अशी नोंद कुणी लिहून ठेवत नाही, तोंडावर बोलतात, एवढाच फरक.

मुलगी हुशार होती, शाळेत शिकली. पण तिकडे तेव्हा विद्यापीठाचा दरवाजा बायकांना बंद होता. यंत्रांची आवड असून शिकायचं कुठे, हा प्रश्नच.

1869 साली एका सहलीत तिची गाठ कार्ल बेंझ या तरुण इंजिनिअरशी पडली. कार्लचे वडील रेल्वेचं इंजिन चालवायचे. तो दोन वर्षांचा असताना ते वारले. आईने काटकसर करून मुलाला शिकवलं. शिक्षण होतं, खिसा रिकामा होता, आणि डोक्यात एकच खूळ होतं: घोड्याशिवाय चालणारी गाडी. बाकीच्यांना ते ऐकून हसू यायचं. बर्थाने मात्र नीट ऐकून घेतलं.

1871 मध्ये कार्लने मानहाइम शहरात एका भागीदाराबरोबर कारखाना काढला. भागीदार बिनभरवशाचा निघाला आणि सगळं बुडायच्या बेताला आलं. तेव्हा लग्न व्हायचं होतं. बर्थाने वडिलांकडे आपला हुंड्याचा पैसा लग्नाआधीच मागून घेतला आणि त्या पैशातून भागीदाराचा हिस्सा विकत घेऊन त्याला बाजूला केलं. हुंडा ही वाईटच चाल, तिकडची काय नि इकडची काय. पण तो पैसा दागिन्यात न घालता लेथ, भट्टी आणि लोखंडात घालणारी नवरी विरळाच. 20 जुलै 1872 रोजी लग्न झालं. त्या काळच्या तिकडच्या कायद्यात लग्नानंतर बायकोच्या पैशाचा कारभार नवऱ्याच्या हाती जायचा. म्हणजे कारखाना वाचला बर्थाच्या पैशावर आणि कागदावर नाव मात्र कार्लचं.

पुढची वर्षं ओढाताणीची गेली. 1873 मध्ये यूजेन झाला, 1874 मध्ये रिचर्ड, मग मुली. 1877 च्या सुमारास देणेकऱ्यांनी पुन्हा घेरलं. त्या अडचणीतच कार्लने ठरवलं की आता इंजिनच बनवायचं, तेवढाच एक मार्ग उरलाय.

हे इंजिन चालू व्हायलाही तयार नव्हतं. 1879 सालच्या शेवटच्या रात्री, 31 डिसेंबरला, घरात जेवणं झाली. बाहेर लोक नवीन वर्षाची वाट बघत होते. बर्थाबाईंनी नवऱ्याला म्हटलं, चल, कारखान्यात जाऊन अजून एकदा बघू. दोघं गेले. कार्लने चाक फिरवलं आणि या वेळी इंजिनाने ठेका धरला. तो बंदच होईना. दोघं बराच वेळ नुसते उभे राहून तो आवाज ऐकत होते. मध्यरात्री गावात चर्चच्या घंटा सुरू झाल्या तेव्हा त्यांच्या कानात आधीपासूनच एक आवाज भरलेला होता.

हा प्रसंग मुद्दाम सांगितला. कारण पुढे 1888 साली रस्त्यावर बाईंनी जे केलं ते अचानक सुचलेलं शहाणपण नव्हतं. कितीतरी वर्षं हे इंजिन घरातच होतं, म्हणजे घराला लागून असलेल्या कारखान्यात. ते कधी खोकतं, कधी दम टाकतं, कुठली तार सैल झाली की गप्प होतं, हे जेवणाच्या टेबलावरचं बोलणं होतं. तांडेलाच्या घरातल्या बाईला बोटीचं मशीन आवाजावरून कळतं ना, तसंच.

1883 मध्ये नवे भागीदार घेऊन बेंझ आणि कंपनी उभी राहिली. कारखान्यांसाठी एका जागी बसवायची इंजिनं विकून पैसा येऊ लागला आणि गाडीच्या खुळाला थोडी मोकळीक मिळाली. 29 जानेवारी 1886 रोजी कार्लने गाडीच्या पेटंटचा अर्ज केला. नंबर 37435. जगातली पहिली मोटारगाडी म्हणून दाखवतात ती हीच.

गाडी कशी होती? आपल्या मिनीडोरसारखी तीन चाकं, पुढे एक, मागे दोन. छप्पर नाही, दार नाही. सीटच्या मागे आडवं पडलेलं एक सिलिंडरचं इंजिन, 954 सीसी. आकडा ऐकून दचकू नका. एवढ्या मोठ्या इंजिनाची ताकद पाऊण हॉर्सपॉवर. आज शंभर सीसीची मोटारसायकल त्याच्या दहापट काम करते. मागे एक मोठं जड चाक होतं, ते हाताने फिरवून इंजिन चालू करायचं. वेग फार तर ताशी 16 किलोमीटर. सुरुवातीच्या चाचण्यांत यूजेन इंधनाची बाटली घेऊन गाडीच्या बाजूने पळायचा, मध्येच संपलं तर ओतायला.

गाडी तयार झाली, पेटंट झालं, पण विकत कोण घेणार? लोक बघायला यायचे, हसायचे, कुणी घाबरायचे, घरी जायचे. कार्ल माणूस कारागीर, पण स्वभावाने भित्रा. अजून हे सुधारू, अजून ते सुधारू म्हणत गाडी गावाबाहेर काढेना. आणि घरातला पैसा, म्हणजे मुळातला बाईंचा पैसा, त्यात अडकून पडलेला. विक्री झाली नाही तर पुन्हा 1877 होणार हे बाईंना दिसत होतं. गाडी लांबच्या प्रवासाला चालते हे कुणीतरी दाखवायला हवं होतं.

ऑगस्ट 1888. शाळांना सुट्टी. एके दिवशी पहाटे कार्ल झोपेत असताना बर्थाबाई, पंधरा वर्षांचा यूजेन आणि त्याच्याहून वर्षभराने लहान रिचर्ड, तिघांनी गाडी बाहेर काढली. आवाजाने कार्ल उठू नये म्हणून थोडी लांब ढकलत नेली आणि मग चालू केली असं सांगतात. माहेर फोर्झहाइमला, अंतर सुमारे 106 किलोमीटर. म्हणजे आपल्याकडून माणगाव गाठून परत श्रीवर्धनला यायचं आणि वर अजून थोडं. रस्ता घोडागाडीचा, खडीचा, धुळीचा. तोवर कुठलीही मोटार इतक्या लांब गेलेली नव्हती. त्या वेळी आपलं श्रीवर्धन जंजिऱ्याच्या सिद्दीच्या संस्थानात होतं आणि इथे लांबचा प्रवास पडावाने नाहीतर बैलगाडीने होत होता.

आता वाटेतल्या एकेका बिघाडाकडे नीट बघू. कारण त्यातला प्रत्येक बिघाड आजही तुमच्या गाडीला होतो.

पहिलं इंधन. टाकी लहान, पाचेक लिटरचीही नाही. गाडी चालायची लिग्रॉइन नावाच्या पेट्रोलसारख्या हलक्या तेलावर. ते मिळायचं औषधाच्या दुकानात, लोक कपड्यांवरचे डाग काढायला न्यायचे. वीसलोख गावात बाईंनी औषधवाल्याच्या दारात गाडी थांबवली आणि त्याच्याकडचं लिग्रॉइन घेऊन टाकीत ओतलं. ते दुकान आज जगातला पहिला पेट्रोल पंप म्हणून ओळखलं जातं. औषधवाल्याला तेव्हा काय कल्पना!

मग इंधनाची नळी तुंबली. टाकीत तेल आहे, पण इंजिनपर्यंत पोचत नाही. अशा वेळी इंजिन एकदम मरत नाही, आधी आचके देतं, खोकतं, थोडं धावतं, पुन्हा बसतं. जुन्या कार्बोरेटरच्या बाइकवाल्यांना हे सांगायला नको, जेटमध्ये कचरा आला की हेच होतं. त्या काळी बायका टोपी केसांत अडकवायला लांबलचक पिन वापरायच्या. बाईंनी टोपीतली ती पिन काढली, नळीत घालून कचरा मोकळा केला, पिन परत टोपीत. गाडी पुढे.

दुसरं, ठिणगी. इंजिनात तेल आणि हवेचं मिश्रण पेटवायला विजेची ठिणगी लागते, आणि ती वीज तारेतून येते. गाडीच्या हादऱ्याने एका तारेवरचं आवरण घासून गेलं. तार उघडी पडली की वीज ठिणगीपर्यंत जायच्या आधीच गाडीच्या लोखंडात उतरते. शॉर्ट झालं म्हणतो ना आपण, तेच. इथे टेप कुठून आणणार? बाईंच्या पायातले लांब मोजे खाली घसरू नयेत म्हणून वर बांधलेला इलॅस्टिकचा पट्टा होता. तो काढून तारेभोवती गुंडाळला. वीज सरळ वाटेने जाऊ लागली.

ही मोज्याच्या पट्ट्याची गोष्ट लोक गंमत म्हणून सांगतात. मला त्यात गंमत कमी दिसते. इंजिन बंद पडलं आणि बिघाड तेलाचा आहे की विजेचा, हे ओळखणं हीच अर्धी दुरुस्ती. नळी साफ करायच्या वेळी जर बाई तारा उलगडत बसल्या असत्या तर अंधार पडला असता. आजही रस्त्यावर हाच घोळ होतो. तेल येतंय का हे न बघता माणूस बॅटरी बदलतो. पेट्रोलच्या इंजिनाला चालायला तीन गोष्टी लागतात: हवेबरोबर तेल, वेळेवर ठिणगी आणि सिलिंडरमध्ये दाब. बाइकचा प्लग काढून बघितला तरी बरंच कळतं. प्लग ओला असेल तर तेल येतंय आणि ठिणगीत गडबड आहे. बऱ्याच किक मारूनही प्लग कोरडाच असेल तर तेलच पोचत नाही. काळा कुट्ट काजळी धरलेला असेल तर तेल जास्त आणि हवा कमी, आधी एअर फिल्टर बघा. फक्त एक काळजी घ्या. इंजिन गरम असताना प्लग काढू नका आणि पेट्रोलचा वास येत असेल तिथे ठिणगी तपासायला जाऊ नका.

डिझेलच्या गाडीला प्लगची ठिणगी नसते, तिथे दाबानेच तेल पेटतं. म्हणून बोटीचं मशीन किंवा शेतातलं इंजिन अडलं की खलाशी पहिल्यांदा तेलाच्या लाइनमध्ये हवा शिरलीय का ते बघतो. क्रम वेगळा, विचार तोच.

तिसरं, पाणी. त्या गाडीला आजच्यासारखा बंद रेडिएटर नव्हता. सिलिंडरभोवती पाणी असायचं, ते उकळून वाफ होऊन उडून जायचं आणि त्याबरोबर उष्णता न्यायचं. म्हणजे पाणी सतत संपणार. वाटेत विहीर दिसली, ओढा दिसला, खानावळ दिसली की थांबा आणि पाणी भरा. मुलांचं निम्मं काम हेच. आताच्या गाड्यांत पाणी बंद असतं आणि दाबाखाली असतं, म्हणून घाटात गाडी तापली की गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. उकळतं पाणी तोंडावर उडतं. अर्धा तास थांबा, गार होऊ द्या, मग बघा. या एका घाईने कितीतरी जणांचे हात भाजलेत.

चौथं, चेन. इंजिनाची ताकद मागच्या चाकांना चेनने जायची. चेन ताणून सैल झाली तेव्हा ब्रुक्साल गावात लोहाराकडे थांबून ती नीट करून घेतली. बाईंनी सगळं स्वतःच केलं असं समजू नका. हातोडा-ऐरणीचं काम होतं तिथे त्यांनी लोहार गाठला. कुठलं काम आपलं आणि कुठलं दुसऱ्याचं, हेही कळावं लागतं.

पाचवा बिघाड इंजिनाचा नाही, पण सगळ्यात भीतीचा. उतारावर ब्रेक धरेना. ब्रेक म्हणजे लाकडाचे ठोकळे, ते चाकाला घासून गाडी थांबवायचे. घासून घासून झिजले. बाईंनी वाटेतल्या एका मोच्याला गाठलं आणि ठोकळ्यांवर चामडं ठोकून घेतलं. आज ब्रेकला जे लायनर आपण बदलतो त्याची सुरुवात त्या मोच्याच्या पाटावर झाली म्हणायला हरकत नाही. म्हसळ्याचा उतार उतरणाऱ्यांनी त्याचे आभारच मानावेत.

आणि चढ. चढावर गाडीचा दम संपायचा. गिअर अपुरे होते, चढासाठी हळू पण जोराने ओढणारा गिअरच नव्हता. मुलं खाली उतरून ढकलायची, काही ठिकाणी गावकऱ्यांचा हात लागला. पहिल्या मोटारीचा पहिला लांबचा प्रवास हा असा, थोडा इंजिनाने आणि थोडा घामाने.

संध्याकाळी अंधार पडता पडता तिघं धुळीने माखून फोर्झहाइमला पोचली. बाईंनी नवऱ्याला तार केली. तोवर कार्लला घर रिकामं आणि गाडी गायब एवढंच दिसलं होतं. त्या माणसाचा दिवस कसा गेला असेल, याचा विचार करा.

काही दिवसांनी त्या दुसऱ्या वाटेने, थोड्या जवळच्या रस्त्याने, तीच गाडी चालवत परत आल्या. परत आल्यावर काय केलं ते जास्त महत्त्वाचं. काय काय अडलं ते सगळं त्यांनी कार्लला सांगितलं. चढासाठी एक जास्तीचा गिअर हवा. ब्रेकला चामड्याचं अस्तर हवं. कार्लने गाडीत तो गिअर बसवला. कारखान्याच्या अंगणात वर्षभर फेऱ्या मारूनही या गोष्टी कळल्या नसत्या, कारण अंगणात चढ नव्हता.

त्याच 1888 च्या सप्टेंबरात म्युनिक शहराच्या प्रदर्शनात गाडी ठेवली गेली आणि तिला सुवर्णपदक मिळालं. पण पदकाने गाड्या विकल्या जात नाहीत. विक्री हळूहळू वाढली, आधी फ्रान्समध्ये, मग बाकी ठिकाणी. दहा-अकरा वर्षांनी, 1899 साली, बेंझ कंपनीने एका वर्षात 572 गाड्या बनवल्या. त्या वेळी जगातला हा सगळ्यात मोठा मोटार कारखाना होता.

पुढचं आयुष्य थोडक्यात. 1903 च्या सुमारास भागीदारांशी मतभेद झाले आणि कार्ल कंपनीच्या रोजच्या कामातून बाजूला झाला. कुटुंब मानहाइम सोडून जवळच्या लाडेनबुर्ग या छोट्या गावात राहायला गेलं. 1906 मध्ये तिथे मुलांसोबत नवा कारखाना काढला. 1888 साली आईबरोबर गाडी ढकलणारे यूजेन आणि रिचर्ड, तेच आता मालक. घराच्या बागेत गाडी ठेवायला आणि दुरुस्त करायला छोटी बुरुजासारखी खोली बांधली, ती अजून उभी आहे. घरात गाडीसाठी खास बांधलेली अशी ही अगदी सुरुवातीची जागा.

1926 मध्ये बेंझ आणि डाइमलर या दोन कंपन्या एक झाल्या. 4 एप्रिल 1929 रोजी कार्ल बेंझ वारले. बर्थाबाई मागे पंधरा वर्षं त्याच घरात राहिल्या.

इतिहासाच्या पुस्तकांत बराच काळ कार्लचंच नाव राहिलं. ते चूक नाही, गाडी त्यानेच बनवली. पण कार्लने म्हातारपणी आपल्या आठवणी लिहिल्या, त्यात स्वतःच कबूल केलं की संकटात सगळे सोडून गेले तेव्हा होडीत त्याच्याबरोबर एकच माणूस टिकून राहिलं, त्याची बायको. आपल्या कोळी बांधवांना ही होडीची उपमा वेगळी समजवायला नको.

इथे थोडं आपल्याकडचं बोलतो. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा श्रीवर्धन, दिवेआगरची काय दशा झाली ती वाचणाऱ्यांना माहीत आहे. पोफळी आडव्या, वीज नाही, रस्ते बंद. विहिरीचं पाणी काढायला लोकांनी जुनी इंजिनं आणि जनरेटर बाहेर काढले. किती तरी वर्षं पडून असलेली. आमच्या आळीत एक वयस्क मावशी होत्या. त्यांच्या यजमानांचं पंपाचं इंजिन होतं, यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली. त्यांनी नातवाला एका जागी बसूनच सांगितलं: टाकीतलं जुनं तेल आधी काढ, नळी फुंकून बघ, मग फिल्टर धू, मग हवा काढ. नातू मोबाइलवर व्हिडिओ शोधायला निघालेला, पण नेट तरी कुठे होतं. दुपारी इंजिन लागलं. त्यांनी ते कधी स्वतः खोललेलं नव्हतं. वर्षानुवर्षं बाजूला बसून बघितलं होतं.

आणि त्या वादळात, तसंच दर पावसाळ्यात, एक चूक हमखास होते तीही सांगून टाकतो, कारण ती महागात पडते. गाडी पुराच्या पाण्यात बुडाली असेल तर पाणी ओसरल्यावर लगेच चावी फिरवू नका. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं तर आतला कनेक्टिंग रॉड वाकतो आणि मग खर्च हजारात राहत नाही. बॅटरीची तार सोडा, गाडी ढकलत सुक्या जागी न्या आणि जाणकाराला बोलवा. लोहाराकडे जायची हीच ती वेळ.

नव्या गाड्यांत कॉम्प्युटर बसलाय, सेन्सर बसलेत, घरी काही करता येत नाही अशी तक्रार बरेच जण करतात. निम्मी खरी आहे. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत पिन घालून काही होणार नाही, उलट नुकसान होईल. पण एअर फिल्टर झटकणं, बॅटरीच्या टर्मिनलवरची पांढरी बुरशी काढून ती घट्ट करणं, फ्यूज बघणं, कूलंट आणि ऑइलची पातळी बघणं, चेन ताणून तेल घालणं, हे अजून आपल्याच हातात आहे. खाऱ्या हवेमुळे आपल्याकडे टर्मिनल आणि वायरची जोडणी इतरांपेक्षा लवकर सडते, तेव्हा समुद्रकाठच्या माणसाने हे जास्तच बघावं. मुलींनाही शिकवा. स्कूटर घेऊन कॉलेजला तीच जाते.

बर्थाबाईंकडे परत येऊ. 3 मे 1944 रोजी त्यांना 95 वर्षं पूर्ण झाली. दुसरं महायुद्ध चालू होतं. त्या दिवशी कार्लसरूहच्या तंत्रशिक्षणाच्या विद्यापीठाने त्यांना सन्माननीय सदस्यत्व दिलं. कार्ल ज्या संस्थेत शिकला तीच ही. बाई तरुण असताना तिथे त्यांना शिकायला प्रवेश मिळाला नसता.

दोनच दिवसांनी, 5 मे 1944 ला, लाडेनबुर्गच्या घरी त्या वारल्या.

2008 पासून मानहाइम ते फोर्झहाइम आणि परत, त्यांच्या त्या प्रवासाची वाट बर्था बेंझ यांच्या नावाने खुणा लावून राखलेली आहे. वीसलोखच्या औषधाच्या दुकानाबाहेर त्यांचं स्मारक आहे. लोक तिथे गाड्या थांबवून फोटो काढतात.